‘वाळूचे कण रगडिता तेलही गळे’: अर्थ, मूळ श्लोक आणि वापर – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या ओळीचा अर्थ थोडक्यात काय?

‘प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे.’ प्रयत्न करून वाळूचे कण रगडले, तर त्यातूनही तेल गळेल. ज्या कामातून काही हाती लागेल असे कोणालाच वाटत नव्हते, ते कोणीतरी चिकाटीने तडीस नेले की आपण ही ओळ म्हणतो. आज रूढ असलेला अर्थ एवढाच. मूळ श्लोकात मात्र ती भलत्याच कामाला जुंपलेली आहे. ते पुढे येईलच.

ही म्हण आहे, वाक्प्रचार आहे की सुभाषित?

जन्माने सुभाषिताचा एक चरण, वापराने म्हण. वाक्प्रचार नाही. वाक्प्रचाराचे क्रियापद वाक्यात चालवावे लागते: ‘तोंडचे पाणी पळणे’चे ‘तोंडचे पाणी पळाले’, ‘पळेल’, ‘पळायची वेळ आली’ असे काहीही होते. म्हण मात्र आहे तशीच येते. ‘वाळूचे कण रगडिता तेलही गळाले’ असे कोणी लिहिले की कानाला खटकते ते यामुळेच.

या ओळीवरून निघालेला ‘वाळूतून तेल काढणे’ हा वाक्प्रचार मात्र खुशाल चालवा: ‘त्यांनी त्या माळरानात वाळूतून तेल काढले.’ परीक्षेत ‘वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग करा’ असा प्रश्न असेल तर हा वाक्प्रचार घ्या, पूर्ण ओळ नको.

ही ओळ कोणाची? तुकारामांची की रामदासांची?

दोघांचीही नाही. सतराव्या शतकातले पंडित कवी वामन पंडित यांनी संस्कृत कवी भर्तृहरीच्या नीतिशतकाचे मराठीत समश्लोकी, म्हणजे श्लोकाला श्लोक असे, भाषांतर केले, त्यातली ही ओळ आहे. ‘सुश्लोक वामनाचा’ अशी ज्यांची ख्याती, तेच हे वामन.

फिरत्या सुविचारांखाली कधी ‘– संत तुकाराम’ तर कधी ‘– समर्थ रामदास’ असे लिहिलेले असते. ते खरे की खोटे हे कोणालाही बोटांवर अक्षरे मोजून पडताळता येते. तुकारामांची रचना अभंगाची. मनाचे श्लोक भुजंगप्रयातात, म्हणजे एका चरणात १२ अक्षरे. ही ओळ मोजा: प्र-य-त्ने-वा-ळू-चे, क-ण-र-ग-डि-ता, ते-ल-हि-ग-ळे. झाली १७. हे शिखरिणी वृत्त आहे. म्हणजे अभंग नाही आणि मनाचा श्लोकही नाही.

तुकारामांच्या नावाची गफलत का होते, हेही कळण्यासारखे आहे. ‘असाध्य ते साध्य करिता सायास । कारण अभ्यास तुका म्हणे’ ही ओळ त्यांचीच आणि आशयही जवळचा. दोन्ही ओळी शाळेच्या भिंतीवर शेजारी शेजारी रंगवलेल्या असतात, मग एकीचे नाव दुसरीला चिकटते.

पूर्ण श्लोक काय आहे?

जुन्या छपाईत तो असा असतो:

प्रयत्नें वाळूचे कण रगडितां तेलहि गळे
तृषार्ताची तृष्णा मृगजळ पिऊनीहि वितळे
सशाचेंही लाभे विपिन फिरतां शृंगहि जरी
परंतू मूर्खाचें हृदय धरवेना क्षणभरी

तृषार्त म्हणजे तहानलेला, विपिन म्हणजे अरण्य, शृंग म्हणजे शिंग. ‘वितळे’ म्हणजे इथे शमते. ‘धरवेना’ हे शक्य क्रियापद आहे, ‘बोलवेना’, ‘चालवेना’ यांच्या जातीचे: धरता येत नाही, ताब्यात ठेवता येत नाही.

सरळ अर्थ असा: एक वेळ वाळू रगडून तेल निघेल, एक वेळ मृगजळ पिऊन तहान भागेल, रानात भटकता भटकता एखाद्या वेळी सशाचे शिंगसुद्धा सापडेल, पण मूर्खाचे मन क्षणभरही काबूत आणता येणार नाही.

मूळ संस्कृत श्लोक ‘लभेत सिकतासु तैलमपि यत्नतः पीडयन्’ असा सुरू होतो आणि ‘न तु प्रतिनिविष्टमूर्खजनचित्तमाराधयेत्’ असा संपतो. वामनांनी त्याचे वृत्तही बदलले. संस्कृत श्लोक पृथ्वी वृत्तात आहे, मराठी शिखरिणीत. दोन्हींत अक्षरे १७च, पण पृथ्वीत थांबा आठव्या अक्षरावर येतो आणि शिखरिणीत सहाव्यावर. आणखी एक गोष्ट भाषांतरात गळली: ‘प्रतिनिविष्ट’. भर्तृहरी कुठल्याही मूर्खाबद्दल बोलत नाही, हट्टाला पेटलेल्या मूर्खाबद्दल बोलतो. अजाण माणसाला समजावणे सोपे, जाणत्याला त्याहून सोपे, असे तो त्याच प्रकरणात आधी सांगून चुकला आहे. ‘प्रतिनिविष्ट’ गेल्यामुळे मराठीत सरसकट सगळे मूर्ख एकाच दावणीला बांधले गेले.

म्हणजे मूळ अर्थ उलटा आहे?

हो. कवीला ‘प्रयत्न करा, सगळे जमेल’ असे म्हणायचेच नाही. त्याने जगातल्या तीन अशक्य गोष्टी एका रांगेत मांडल्या आणि चौथी त्यांच्याही वरताण आहे असे सांगितले. वाळूतले तेल हे त्याच्या लेखी अशक्यतेचे माप आहे, प्रयत्नाचे फळ नव्हे. सशाचे शिंग तर तर्कशास्त्रात ‘जगात मुळात नसलेली वस्तू’ म्हणून ठरलेले उदाहरण. ‘भटकत राहा, सशाचे शिंग मिळेल’ असा उपदेश कोणी करत नाही; मग वाळूच्या तेलाचा उपदेश कसा झाला?

तिसऱ्या चरणाचे शेवटचे अक्षर-जोडपे बघा: ‘जरी’. हा एक शब्द तिन्ही चरणांना पुरतो. तेल गळे जरी, तृष्णा वितळे जरी, शृंग लाभे जरी, आणि मग ‘परंतू’. पहिला चरण एकटा उचलला की ‘जरी’ तिसऱ्या चरणात मागेच राहते. ‘गळे जरी’चे नुसते ‘गळे’ होते आणि ‘एक वेळ गळेल’चे ‘नक्की गळते’ होऊन बसते. शब्द एकही बदललेला नाही, फक्त वाक्य अर्ध्यावर थांबवले आहे.

अशी बांधणी तुलसीदासांच्या रामचरितमानसातही आहे: ‘बारि मथें घृत होइ बरु सिकता ते बरु तेल’. पाणी घुसळून तूप निघेल, वाळूतून तेल निघेल, पण हरिभजनावाचून भवसागर तरता येणार नाही. तिथे प्रत्येक तुकड्यात ‘बरु’, म्हणजे ‘एक वेळ’, आहे. त्यामुळे तो दोहा असा अर्धा तोडताच येत नाही. हिंदीत ‘बालू से तेल निकालना’ आजही अशक्य गोष्टीच्या मागे लागण्यासाठी म्हणतात. अर्थाची ही कलाटणी मराठीतली आहे.

मग आपण सगळे चुकीचे वापरतो का?

नाही. म्हणीचा अर्थ लोक ज्या अर्थाने ती बोलतात तोच असतो, आणि मराठीत तो प्रयत्नवादी अर्थ पक्का मुरलेला आहे. निबंधात, भाषणात, अभिनंदनाच्या पत्रात बेलाशक वापरा. कोणी ‘मूळ अर्थ वेगळा आहे’ म्हणून अडवले तर त्याचे म्हणणे माहिती म्हणून बरोबर आहे, दुरुस्ती म्हणून नाही.

चूक होते ती दोन ठिकाणी. एक, पूर्ण श्लोक देऊन खाली ‘प्रयत्नांचे महत्त्व’ असा मथळा घातला की पंचाईत. चारही चरण दिले की अर्थही चारही चरणांचा द्यावा लागतो. दुसरी, ‘भर्तृहरीने प्रयत्नांचा महिमा सांगताना म्हटले आहे’ असे लिहिणे. त्याने तसे म्हटलेले नाही. ‘वामन पंडितांच्या श्लोकातली ओळ आज आपण प्रयत्नांसाठी वापरतो’ एवढे लिहिले की कोणाला बोट ठेवायला जागा राहत नाही.

ही म्हण नेमकी कुठे चपखल बसते?

तीन गोष्टी एकत्र असतील तिथे. यश मिळेल असे इतरांना वाटत नव्हते. काम एका दिवसाचे नव्हते, रगडावे लागले. आणि फळ त्या रगडण्यातूनच आले, बाहेरून येऊन पदरात पडले नाही. यातली एक जरी नसली तरी दुसरी म्हण शोधावी.

एक उदाहरण जवळून पाहू. खाशाबा जाधव, कराडजवळच्या गोळेश्वरचे. तालीम तांबड्या मातीतली. १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मॅटवरच्या कुस्तीशी त्यांची गाठ पडली. फ्लायवेट गटात ते सहावे आले. मातीत पाय रुततो, मॅटवर सरकतो. शिवाय नियमही आखाड्याचे नव्हेत. पुढची चार वर्षे मेहनतीची. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते, ते लोकांकडून उभे करावे लागले. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यासाठी आपले घर गहाण ठेवले. हेलसिंकीत बँटमवेट गटात ब्राँझपदक मिळाले आणि स्वतंत्र भारताला वैयक्तिक ऑलिंपिक पदक पहिल्यांदा लाभले. अपेक्षा नव्हती, चार वर्षे घासावे लागले, आणि पदक त्या घासण्याचे. म्हण इथे अंगावर शिवल्यासारखी बसते. महाराष्ट्राच्या खेळाडूला पुढचे वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला २०२४ उजाडले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ जिंकले तेव्हा ७२ वर्षे लोटली होती.

आता दुसरे उदाहरण. १९८३च्या विश्वचषकाचा अंतिम सामना. भारत १८३ धावांत बाद, समोर वेस्ट इंडीज, तरी ४३ धावांनी विजय. अनपेक्षित? शंभर टक्के. पण एका दुपारच्या सामन्याला ‘वाळू रगडणे’ म्हणवत नाही. तिथे ‘बाजी मारली’, ‘बाजी उलटवली’ हे अधिक शोभते.

कुठे वापरू नये?

नशिबाने मिळालेल्या यशाला नको. लॉटरी लागली, आयत्या वेळी प्रतिस्पर्ध्याचा अर्ज बाद झाला, भाव अचानक चढले, तिथे वाळूही नाही आणि रगडणेही नाही.

जे मुळात होण्यासारखेच होते त्यालाही नको. दरवर्षी पहिला येणारा मुलगा यंदाही पहिला आला तर त्याला ही ओळ लिहून देणे म्हणजे त्याचे डोके वाळू आहे असे म्हणण्यासारखे. हा दोष अभिनंदनाच्या संदेशांत फार दिसतो. म्हणीत ‘वाळू’ कोण, हे लिहिण्याआधी स्वतःला विचारावे. वाळू म्हणजे परिस्थिती असेल तर ठीक: दुष्काळी जमीन, कर्जात बुडालेली संस्था, बंद पडत आलेली शाळा. वाळू माणूस असेल तर मात्र तो अपमान होतो. ‘सरांनी आमच्या वर्गातून वाळूचे तेल काढले’ हे वर्गातल्याच मुलाने म्हणावे, पाहुण्यांनी व्यासपीठावरून नाही.

आजाऱ्याच्या नातेवाइकांना धीर देतानाही टाळा. तिथे प्रयत्नाने सगळे होते असे म्हटले की जे झाले नाही ते प्रयत्न कमी पडल्याने, असा अर्थ आपोआप निघतो.

जवळच्या म्हणी कोणत्या आणि फरक काय?

सगळ्यांत जवळची तुकारामांची ‘असाध्य ते साध्य’. फरक असा की तिथे जोर सवयीवर, अभ्यासावर आहे. त्याच अभंगात बचनागासारखे विष तोळा तोळा पचवणाऱ्यांचा दाखला येतो. रोज थोडे थोडे करून अंगवळणी पडलेल्या कौशल्याला ती ओळ घ्या: गाणे, पोहणे, चाळिशीनंतर शिकलेली नवी भाषा.

‘प्रयत्नांती परमेश्वर’ सर्वसाधारण आहे. यश अनपेक्षित असायलाच हवे असे नाही, म्हणून ती कुठेही चालते आणि म्हणूनच थोडी गुळमुळीत झाली आहे. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ साठवणुकीची. ‘केल्याने होत आहे रे, आधी केलेचि पाहिजे’ ही अजून सुरुवातच न केलेल्याला टोकण्यासाठी. काम फत्ते झाल्यावर ती म्हणण्यात अर्थ नाही.

‘आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन’ यात अपेक्षेपेक्षा जास्त मिळते, पण देणारा दुसरा. ‘नाकावर टिच्चून’ यात यशापेक्षा विरोधकाची जिरवल्याचा आनंद मोठा. ‘दगडाला पाझर फुटणे’ ही फार जण वाळूच्या तेलाशी जोडतात. पण ती कठोर माणसाच्या मनाला दया येण्याची आहे, कामगिरीची नाही.

मूळ श्लोकाच्या अर्थाला जवळची म्हण हवी असेल तर ‘पालथ्या घड्यावर पाणी’.

‘तेलही’ लिहायचे की ‘तेलहि’? ‘रगडिता’ की ‘रगडता’?

म्हण म्हणून गद्यात लिहिताना ‘तेलही’. आजच्या नियमांप्रमाणे ‘ही’ दीर्घच. श्लोक म्हणून देताना ‘तेलहि’. शिखरिणीत पंधरावे अक्षर लघू लागते, आणि ते नेमके हे ‘हि’ आहे. ‘सशाचेंही’ यात मात्र चौथे अक्षर गुरू हवे म्हणून तिथे ‘ही’ दीर्घ. ‘परंतू’चेही तसेच. एकाच श्लोकात ऱ्हस्व-दीर्घाची अशी दोन्ही रूपे दिसली की मुद्रितशोधक ती ‘एकसारखी’ करतात आणि वृत्त मोडते. ते करू नये. मराठीच्या लेखननियमांतच केशवसुतांपूर्वीचे पद्य मुळाबरहुकूम छापावे अशी मुभा आहे.

‘रगडिता’ म्हणजे ‘रगडले असता’. ‘रगडता’ लिहिल्याने कागदावर वृत्त बिघडत नाही, दोन्हींत चारच अक्षरे. पण बोलताना आपण ‘रगड्ता’ म्हणतो, एक अक्षर खातो, आणि चाल लंगडते. ‘डि’मुळे ते अक्षर वाचते. ‘रगडीता’ हे मात्र कसेही चूक. ‘वाळुचे’ही नको, ‘ळू’ दीर्घच.

श्लोक म्हणायचा कसा?

सहाव्या अक्षरानंतर थांबा: ‘प्रयत्ने वाळूचे’, थांबा, ‘कण रगडिता तेलहि गळे’. पहिले अक्षर लघू, पुढची पाच गुरू, त्यामुळे सुरुवात संथ होते; मग पाच लघू पटापट जातात, क-ण-र-ग-डि, घाण्याने एकदम वेग घ्यावा तशी. पाठांतर स्पर्धेत मुले ‘वाळूचे कण’ एका दमात म्हणून ‘कण’नंतर थांबतात. अर्थाने ते बरोबर वाटते, वृत्ताने नाही. वृत्ताचा थांबा पाळा, पण तो श्वासापुरताच ठेवा.

परीक्षेत कल्पनाविस्ताराला ही ओळ आली तर?

विचारलेली एक ओळ असेल तर प्रयत्नवादी अर्थच लिहा. सुरुवातीच्या दोन-तीन वाक्यांत ओळीचा अर्थ, मग ‘रगडिता’वर थांबा: एकदा चोळून नाही, सतत. त्यानंतर एकच उदाहरण, पण नावा-वर्षासह. पाच थोरांची नुसती यादी दिली की उत्तर पातळ होते. मूळ श्लोकाचा संदर्भ एका वाक्यात आला तर उत्तर उठून दिसते. त्यावर अख्खा परिच्छेद खर्च केलात तर विषय सुटतो. ‘या जगात अशक्य काहीच नाही’ हे वाक्य गाळा. ओळ तसे म्हणत नाही, आणि ते वाक्य त्या दिवशी शेजारच्या बाकावरही लिहिले जात असते.

‘रगडणे’च का? तेल तर पिळतात किंवा गाळतात ना?

बरोबर. तेलाच्या घाण्यात लाट, म्हणजे जाड लाकडी दांडा, फिरते, दाणे उखळाच्या कडेला दाबले जातात, तेल खाली येते आणि पेंड उरते. संस्कृतातला ‘पीडयन्’ म्हणजे हे दाबणे. ‘रगडणे’ हा पाट्या-वरवंट्याचा शब्द, त्यात घासणे जास्त. वामनांना इथे पाच लघूंची धाव पुरी करायची होती, हे एक. दुसरे, वाळूला दाबून काही होत नाही, ती रगडावीच लागते. शब्द अधिक खरखरीत आहे आणि त्यामुळेच लक्षात राहतो.

तिळात वजनाच्या जवळपास निम्मे तेल असते, शेंगदाण्यात साधारण ४५ ते ५० टक्के. तिथे मेहनत लागते ती आत आहे ते बाहेर काढायला. वाळू म्हणजे मुख्यतः सिलिका, तीत शून्य. म्हणीचा डौल या शून्यात आहे.

टोमणा म्हणून चालते का?

‘वाळू रगडत बसलाय’ असे चालते, आणि मूळ श्लोकाला ते जास्त धरून आहे. त्याच त्या कार्यालयात तोच अर्ज सातव्यांदा घेऊन जाणाऱ्याला मित्र असे म्हणतो. ‘तेलही गळे’ हा तुकडा गाळला की टोमणा, ठेवला की प्रोत्साहन.

बातमीच्या मथळ्यात मात्र जपून. महाराष्ट्रात ‘वाळू’ म्हटले की वाचकाला आधी नदीपात्र, डंपर आणि रात्रीचा उपसा आठवतो. ‘वाळूतून तेल काढणारे सरपंच’ असा मथळा कौतुकाचा म्हणून दिलात, तरी गावात त्याचा अर्थ भलताच लागायचा.

पण वाळूतून तेल खरेच निघते ना? कॅनडात काढतात असे ऐकले.

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात अथाबास्का नदीच्या परिसरात तेलवाळूचे प्रचंड साठे आहेत. तिथे वाळूच्या कणांवर डांबरासारखे घट्ट बिटुमेन लेपलेले असते, वजनाच्या साधारण दहा टक्के. वाळू गरम पाण्यात घुसळली की बिटुमेन सुटून फेसाबरोबर वर येते आणि वाळू तळाशी बसते. ही पद्धत १९२०च्या दशकात प्रयोगशाळेत विकसित झाली, मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू व्हायला १९६७ साल लागले. एका पिंपाला, म्हणजे १५९ लिटरला, सुमारे दोन टन वाळू खणावी लागते.

तेव्हा तेल निघते, पण वाळूच्या कणातून नाही, कणांच्या मधून. आणि रगडून नाही, धुऊन.